अमीटरवाले एअर्टन सर

स्मरणिकेसाठी लेख दे, असा ग्रुपवर निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. सहलीच्या, स्नेहसंमेलनाच्या आणि मधल्या सुट्टीतल्या बोरांच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी इंजिनिअर. वीस वर्षांहून अधिक काळ टेलिकॉम कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे. मला गोष्ट सांगता येते ती यंत्रांची, नाहीतर यंत्रांमागच्या माणसांची. म्हणून आपल्यापैकी कुणीही न पाहिलेल्या एका शिक्षकाची गोष्ट सांगते. त्यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षे झाली. पण त्यांची एक वस्तू आपण सगळ्यांनी हाताळली आहे.

आपल्या प्रयोगशाळेतलं खिडकीखालचं लाकडी कपाट आठवतं का? त्याला पितळी कडी होती आणि किल्ली प्रयोगशाळेच्या मामांकडे असायची. त्यात चार अमीटर होते. इतर शाळांत ओहमचा नियम सर टेबलावर करून दाखवत आणि मुलं लांबून बघून जर्नल उतरवत. आपल्या विज्ञानाच्या सरांनी मात्र आमच्या तुकडीला चार-चार जणांचे गट करून तारा जोडायला लावल्या. आमच्या गटाने अमीटर व्होल्टमीटरसारखा थेट बॅटरीला जोडला. काटा सटकन टोकाला जाऊन आपटला. आम्ही चौघंही पांढरे पडलो. सर ओरडले नाहीत. त्यांनी तारा सोडवल्या, काटा परत येतो का ते बघितलं आणि तो असा का आपटला ते उद्यापर्यंत शोधून या, एवढंच सांगून पुढच्या गटाकडे गेले. त्या रात्री मी पाठ्यपुस्तकातला रोधाचा धडा पहिल्यांदा मनापासून वाचला. दहावीची परीक्षा आपण १९९६ मध्ये दिली, म्हणजे ही गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची.

हातात उचलून नेता येईल असा अमीटर ज्या दोघांनी बनवला आणि त्याला हे नाव दिलं, ते विल्यम एअर्टन आणि त्यांचे सहकारी जॉन पेरी. पण एअर्टन यांचं सगळ्यात मोठं काम अमीटर नव्हे. तारायंत्राच्या इंजिनिअरांना रीतसर कॉलेजात शिकवण्याची सुरुवात जगात ज्या मोजक्या माणसांनी केली, त्यांतले ते अगदी पहिले. आणि या गोष्टीची सुरुवात मुंबईत होते.

विल्यम एडवर्ड एअर्टन यांचा जन्म १४ सप्टेंबर १८४७ चा, लंडनमधला. वडील बॅरिस्टर आणि बहुभाषिक. मुलाने वकील न होता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणित-विज्ञान शिकून १८६७ मध्ये हिंदुस्थानच्या तारखात्याची परीक्षा दिली. पास झाल्यावर खात्याने त्यांना ग्लासगोला विल्यम थॉमसन यांच्याकडे शिकायला पाठवलं. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेले ते हेच. अटलांटिक महासागराखालून टाकलेली तार १८६६ मध्ये नीट चालू झाली, त्यात थॉमसन यांचा मोठा वाटा होता. शिवाय ते विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत घेऊन खरी मापं घ्यायला लावत. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी विज्ञान शिकणं म्हणजे व्याख्यान ऐकणं असे. वीस वर्षांच्या एअर्टन यांनी ग्लासगोत जे पाहिलं, ते त्यांनी जन्मभर सोडलं नाही.

सप्टेंबर १८६८ मध्ये ते सहायक अधीक्षक म्हणून मुंबईला निघाले. आपल्या देशात तारा पडून तेव्हा जेमतेम दीड दशक झालं होतं. हजारो मैल तार, खांबांवरून, जंगलातून, घाटातून. आणि वर्षातले चार महिने आपला पाऊस. लाइन बंद पडली की बिघाड शोधायला माणसं तारेखालून चालत निघायची. दोन ठाण्यांत अंतर लांब, ओढे भरलेले. बिघाड सापडेपर्यंत दिवस जायचे.

एअर्टन आणि खात्यातले वरिष्ठ विद्युत तज्ज्ञ या कामाच्या मागे लागले. प्रश्न असा होता. समजा मुंबईहून निघालेली तार वाटेत कुठेतरी ओल्या फांदीला टेकली. वीज पुढच्या ठाण्यापर्यंत न जाता तिथेच जमिनीत उतरते. तारेला मैलामागे ठरावीक रोध असतो. तेव्हा ठाण्यात बसून रोध मोजला आणि भागाकार केला की अंतर निघायला हवं. पण त्या मापात फांदीचा स्वतःचा रोधही मिसळलेला असतो. तो किती ते माहीत नसतं, आणि पाऊस थांबला की तो बदलतो. एका मापाने भागत नाही. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांकडून मापं घ्यायची, किंवा शेजारची धड तार जोडून वळसा तयार करायचा, आणि दोन समीकरणांमधून ती अज्ञात संख्या काढून टाकायची. आठवीत आपण एकसामयिक समीकरणांना कंटाळायचो, तीच ही. अशा मोजण्या खात्यात पद्धतशीर बसवल्या गेल्या आणि कुठल्या मैलाजवळ जायचं ते लाइनवाल्याला निघण्याआधीच सांगता येऊ लागलं. हिंदुस्थानच्या तारखात्याचा कारभारच त्यामुळे बदलला. एअर्टन लवकरच विद्युत अधीक्षक झाले. १८७० मध्ये मुंबई ते एडन आणि पुढे सुएझ अशी समुद्राखालची तार जोडली गेली आणि मुंबई लंडनशी तारेने बोलू लागली. तेव्हा ते इथल्याच खात्यात होते.

मी हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला, कारण माझं रोजचं काम हेच आहे. नेटवर्कमध्ये बिघाड झाला की तो नेमका कुठे आहे ते दूर बसून शोधणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. पण लगेच दुसरा प्रश्न पडला. एअर्टन यांनी ही विद्या इथे कुणाला शिकवली?

उत्तर फारसं बरं नाही. खात्यातल्या वरच्या जागा जवळजवळ सगळ्या युरोपियनांच्या होत्या. आपली माणसं लाइनवर, खांबांवर, नाहीतर संदेश पाठवणाऱ्या कारकुनीत. खात्याच्या सुरुवातीच्या दिवसांत कलकत्त्याचे शिवचंद्र नंदी ओशॉनेसी साहेबांच्या हाताखाली शिकून मोठ्या जबाबदारीवर पोचले होते, पण असा माणूस अपवादच. रुरकीला इंजिनिअरिंगचं कॉलेज १८४७ पासून होतं, पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचा वर्ग होता. पण पुण्याचा वर्ग मुख्यतः बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी काढलेला. हिंदुस्थानच्या खात्यांना वरचे इंजिनिअर हवेत म्हणून सरकारने १८७०च्या सुमारास नवं कॉलेज काढलं, ते इंग्लंडमध्ये, कूपर्स हिलला. तारखात्याचे अधिकारीही पुढे तिथूनच तयार होऊन येऊ लागले. तार आपल्या डोक्यावरून जात होती, आणि ती का बंद पडली हे शिकायचं असेल तर बोटीत बसून सात समुद्रापलीकडे जावं लागणार होतं. अर्थात, जाण्याची ऐपत असेल तर.

एअर्टन १८७१ नंतर इंग्लंडला परतले. १८७३ मध्ये त्यांना जपानहून बोलावणं आलं.

इथे मी टोकियोला कशी पोचले ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त चार महिने मी तिथे होते. मार्च महिन्यात एका जपानी सहकाऱ्याने सहज सांगितलं की २५ मार्च हा त्यांच्याकडे विजेच्या स्मरणाचा दिवस असतो. का, असं विचारल्यावर त्याने ज्यांचं नाव घेतलं, ते नाव मी अमीटरच्या संदर्भात कॉलेजात कुठेतरी वाचलं होतं. त्या शनिवारी मी तोरानोमोन भागात जाऊन त्या जुन्या कॉलेजची आठवण सांगणारं स्मारक बघून आले. चारही बाजूंना सरकारी कचेऱ्यांच्या उंच इमारती आणि मध्ये हे. एअर्टन यांच्याबद्दल वाचायला मी तिथून आल्यावर लागले.

जपान तेव्हा मोठ्या उलथापालथीत होता. सम्राट मेइजींचं राज्य १८६८ मध्ये सुरू झालं. टोकियो-योकोहामा तार १८६९-७० मध्ये एका इंग्रज तंत्रज्ञाच्या हाताखाली पडली. १८७१ मध्ये एका डॅनिश कंपनीने नागासाकी एकीकडे शांघायशी आणि दुसरीकडे व्लादिवोस्तोकशी समुद्रतारेने जोडलं. तार आली, पण ती टाकणारे, चालवणारे, दुरुस्त करणारे परदेशी. त्यांचे पगार जपानी अधिकाऱ्यांच्या कित्येक पट. शिवाय देशाच्या निरोपांची दोरी दुसऱ्यांच्या हातात. इटो हिरोबुमी आणि यामाओ योझो हे दोघं तरुणपणी चोरून इंग्लंडला गेलेले. यामाओ तर ग्लासगोच्या जहाजबांधणी कारखान्यात काम करून संध्याकाळी वर्गाला जात. त्यांनी ठरवलं की परदेशी माणसं आणायची ती तारा टाकायला नव्हे, तर तारा टाकणारे जपानी तयार करायला. सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाने त्यासाठी टोकियोत इंजिनिअरिंगचं कॉलेज काढलं, कोबु दायगाक्को. स्थापत्य, यंत्र, वास्तुरचना, रसायन, खाण अशा शाखा होत्या, आणि त्यांच्या बरोबरीने तारविद्या ही स्वतंत्र शाखा. असं शिक्षण तेव्हा इंग्लंडमध्येही नव्हतं.

प्राचार्य हेन्री डायर ग्लासगोचे, पंचविशीतले. एअर्टनही पंचविशीतलेच. अभ्यासक्रम सहा वर्षांचा. आधी गणित, विज्ञान आणि इंग्रजी, मग विषयाचं शिक्षण, आणि शेवटची दोन वर्षं पूर्णपणे प्रत्यक्ष कामाची. मुलं बहुतेक सामुराई घराण्यांतली. सरंजाम मोडलेला, घराचं उत्पन्न गेलेलं. तलवार बाळगणाऱ्या घरातल्या मुलाने हाताला तेल-काजळी लावून घ्यायची, ही सोपी गोष्ट नव्हती. शिकवणं इंग्रजीतून. म्हणजे मुलांना भाषा आणि विषय दोन्ही एकदम. मराठी माध्यमातून थेट इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्यासारख्यांना त्यांची पहिली दोन वर्षं कशी गेली असतील ते वेगळं सांगायला नको.

एअर्टन यांनी तिथे आधी प्रयोगशाळा उभी केली. विजेचा व्यवहारात उपयोग शिकवण्यासाठी उभारलेली जगातली पहिली प्रयोगशाळा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ग्लासगोत थॉमसन यांच्याकडे मोजके विद्यार्थी आपल्या कुवतीने शिकत. एअर्टन यांनी त्याचा अभ्यासक्रम केला. प्रत्येक मुलाने स्वतः जोडायचं, स्वतः मोजायचं, चुकलं तर स्वतः शोधायचं. १८७५ मध्ये जॉन पेरी तिथे आले आणि दोघांची जोडी जमली. दोघे मिळून शोधनिबंधांमागून शोधनिबंध लिहीत आणि विद्यार्थ्यांनाही संशोधनात ओढत.

२५ मार्च १८७८ चा दिवस असा. टोकियोत मध्यवर्ती तारघर सुरू झालं, त्यानिमित्त कॉलेजच्या मोठ्या सभागृहात मेजवानी होती. एअर्टन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे आर्क दिवा लावला. वीज देणारी घटमाला त्यांनीच तयार केलेली. जनित्र नाही, एडिसनचा बल्ब यायला अजून दीड वर्ष अवकाश. तो प्रखर उजेड काही मिनिटंच टिकला आणि दिवा विझला. पण जपानने तोच दिवस विजेचा दिवस म्हणून पाळायचं ठरवलं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. विझलेल्या दिव्याची त्यांनी लाज बाळगली नाही, तो ज्यांनी लावला त्यांची आठवण ठेवली. त्या संध्याकाळी मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांत फुजिओका इचिसुके होते. पुढे १८९० मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी जपानमध्येच बल्ब बनवणारी कंपनी काढली. आज आपण जिला तोशिबा म्हणतो, तिच्या दोन मुळांपैकी एक मूळ ते.

एअर्टन १८७८ मध्येच जपान सोडून परतले. पाच वर्षं, बस्स. १८७९ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, तेवीस जणांची. तारविद्येचा पदवीधर त्यात एकच, शिदा रिन्झाबुरो. सरकारने पहिल्या तुकडीतल्या अकरा जणांना पुढे शिकायला ब्रिटनला पाठवलं, त्यांत शिदाही. ते ग्लासगोला थॉमसन यांच्याकडेच गेले आणि तिथे सुवर्णपदक मिळवलं. १८८३ मध्ये परत येऊन एअर्टन ज्या कॉलेजात शिकवत त्याच कॉलेजात ते प्राध्यापक झाले. विद्युत अभियांत्रिकीचे पहिले जपानी प्राध्यापक. १८८८ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन जपानच्या विद्युत अभियंत्यांची संस्था काढली. तिच्या पहिल्या सभेतल्या भाषणात त्यांनी पुढच्या काळाचं चित्र मांडलं. एका तारेतून एकाच वेळी अनेक संदेश जातील, तारेशिवाय दूरवर संपर्क होईल, लांबचं दृश्य इथे बसून दिसेल. मार्कोनीच्या प्रयोगांना तेव्हा अजून काही वर्षं होती. शिदा स्वतः त्यातलं काही बघायला राहिले नाहीत. जानेवारी १८९२ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले.

पण तोवर काम झालेलं होतं. परदेशी प्राध्यापकांच्या जागी एकेक करून त्यांचेच विद्यार्थी बसत गेले. १८८६ मध्ये हे कॉलेज टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात सामील झालं. १८८२ मध्ये इथून बाहेर पडलेले इवादारे कुनिहिको अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात काम करून आले आणि १८९९ मध्ये टेलिफोनची यंत्रं बनवणारी निप्पॉन इलेक्ट्रिक ही कंपनी काढणाऱ्यांत ते प्रमुख होते. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमधली एक्स्चेंजची मशिनं याच कंपनीची होती. एनईसी या तीन अक्षरांवर मी दोन वर्षं धूळ झटकली, पण त्यांच्यामागे एक कॉलेज आहे हे मला माहीत नव्हतं.

एअर्टन यांच्याबद्दल वाचताना मी याच ठिकाणी बराच वेळ थांबले. माणूस तोच. विद्या तीच. मुंबईत त्याने काम चोख केलं, पण त्याच्यामागे शिकलेली माणसं राहिली नाहीत. टोकियोत त्याने पाच वर्षं शिकवलं आणि त्याची गरजच संपली. फरक त्याच्या हुशारीत नव्हता. त्याला कुणी, कशासाठी नेमलं यात होता. मुंबईत त्याला तार चालू ठेवण्याचा पगार होता. टोकियोत, आपल्याशिवाय तार चालू राहील असं बघण्याचा.

लंडनला परतल्यावर एअर्टन यांनी तोच धडा स्वतःच्या देशात लावला. १८७९ मध्ये फिन्सबरी भागातल्या एका शाळेच्या तळघरात त्यांनी तंत्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. त्यातूनच फिन्सबरी टेक्निकल कॉलेज उभं राहिलं. दिवसा काम करणारे उमेदवार कारागीर संध्याकाळी तिथे येत. पेरीही जपानहून येऊन तिथे लागले. अमीटर, व्होल्टमीटर ही हाताळता येण्यासारखी उपकरणं याच काळातली. प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याने मोजायचं असेल तर मोजण्याचं उपकरण साधं आणि दणकट हवं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? दोघांनी १८८२ मध्ये विजेवर चालणारी तीनचाकी सायकलसुद्धा रस्त्यावर आणली. १८८४ मध्ये एअर्टन साउथ केन्सिंग्टनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात प्रमुख प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच शिकवत राहिले. विद्यार्थ्यांसाठी प्रयोगांसह विजेचं पाठ्यपुस्तक लिहिलं, १८८७ मध्ये. रॉयल सोसायटीचं फेलोपद, इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं अध्यक्षपद, सगळे मान मिळाले.

त्यांच्या घरातल्या दोन स्त्रियांबद्दल लिहिलं नाही तर आपल्या वर्गातल्या मुली मला माफ करणार नाहीत. पहिली पत्नी मटिल्डा चॅप्लिन एडिंबरोला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या सात मुलींपैकी एक. त्या मुलींना परीक्षेला जाऊ नये म्हणून १८७० मध्ये जमावाने दार अडवलं होतं. ती नवऱ्याबरोबर जपानला गेली, तिथे सुइणींसाठी वर्ग चालवला, जपानी मुलांच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. डॉक्टरकी शेवटी पॅरिसहून पूर्ण केली. १८८३ मध्ये, चाळिशीही न गाठता, ती गेली.

पुढच्या वर्षी फिन्सबरीच्या संध्याकाळच्या विजेच्या वर्गात हर्था मार्क्स नावाची विद्यार्थिनी आली. वडील घड्याळजी होते, ती लहान असतानाच वारले. आईने शिवणकाम करून घर चालवलं. मुलगी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेली, पण त्या काळी केंब्रिज मुलींना पदवी देत नसे. १८८५ मध्ये एअर्टन यांनी तिच्याशी लग्न केलं. आर्क दिव्यावर एअर्टन यांचं संशोधन चालू होतं. १८९३ मध्ये त्याच्या निबंधाची एकुलती एक प्रत चुकून जळाली आणि काम हर्थाने हाती घेतलं. आर्क दिवे तेव्हा सुरसुरत, फडफडत. ही सुरसुर का होते ते हर्थाने शोधून काढलं. कार्बनच्या कांडीच्या टोकाशी हवा शिरते आणि तिथला कार्बन जळू लागतो, म्हणून. १८९९ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत तिने स्वतः उभं राहून निबंध वाचला आणि त्या संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली. रॉयल सोसायटीत मात्र १९०१ मध्ये तिचा निबंध पेरी यांनी वाचला, कारण स्त्रीला तिथे वाचायची मुभा नव्हती. १९०२ मध्ये तिचं नाव फेलोपदासाठी आलं, ते विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र स्थानच नाही म्हणून नाकारलं गेलं. त्याच सोसायटीने १९०६ मध्ये तिला पदक दिलं. पत्नीच्या कामावर आपलं नाव येऊ नये याची एअर्टन यांनी काळजी घेतली. लोक स्त्रीचं श्रेय नवऱ्याला देतात हे त्यांना ठाऊक होतं. विद्यार्थिनी आपल्यापुढे गेली याचा त्यांना त्रास झाला नाही. ८ नोव्हेंबर १९०८ रोजी, एकसष्टाव्या वर्षी ते वारले.

आता थोडं माझं.

पंधरा वर्षं मी एका कंपनीत बिघाड शोधण्याच्या प्रणालीवर काम केलं. नाव सांगत नाही. तिथे मी नवी लागले तेव्हा सगळं माहीत असलेला एकच वरिष्ठ होता. तो काही लिहून ठेवत नसे. रात्री काही अडलं की त्यालाच फोन करावा लागे, तो दोन ओळी सांगे, आपण त्या टाइप करायच्या. का, ते विचारायचं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की आपण असं वागायचं नाही. तो गेला आणि काही वर्षांत मी हुबेहूब तशीच झाले. मुद्दाम नाही. शिकवायला वेळ लागतो, आणि स्वतः करून टाकलं तर दहा मिनिटांत होतं. शिवाय खरं सांगायचं तर रात्री फोन वाजला की मला बरं वाटायचं. आपल्याशिवाय चालत नाही, ही भावना गोड असते. आणि पन्नाशीकडे जाताना आमच्या धंद्यात नोकरीची भीतीही असते. जे फक्त आपल्याला येतं तेच आपलं कवच, असं वाटत राहतं.

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून दोन तास फोनवर होते. आईला आत नेलं तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. आमच्या टीममधले दोघं तिकडून बोलत होते. हुशार मुलं, चांगल्या कॉलेजातली. पण मी त्यांना कधी तारा जोडूच दिल्या नव्हत्या. काटा आपटेल म्हणून. आई बरी आहे आता. पण त्या जिन्यात मला आपले सर आठवले, आणि टोकियोचं ते स्मारक.

त्यानंतरच्या वर्षी मी कंपनीकडे नव्या पदवीधरांच्या प्रशिक्षणाचं काम मागून घेतलं. त्यांना मी मुद्दाम बिघाड केलेली प्रणाली देते आणि उद्यापर्यंत शोधून या म्हणते. पहिल्या तुकडीने सगळं बंद पाडलं. माझ्या वरिष्ठांनी विचारलं की हे सगळं ती मुलं करू लागली तर तू काय करणार? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज त्या तुकडीतली एक मुलगी, सोलापूरजवळच्या गावातली, मराठी माध्यमातून शिकलेली, रात्रीची पूर्ण जबाबदारी सांभाळते. गेल्या सात-आठ महिन्यांत तिने मला एकदाही फोन केलेला नाही. पहिले काही आठवडे मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. माझी पुढची बढती झाली नाही, आणि ती याच कारणाने झाली नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण रात्री झोप लागते.

२०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. आपल्या घरांत तार आली की आधी रडारड, मग वाचन, असं आपण लहानपणी पाहिलेलं. एअर्टन यांनी मुंबईत ज्या तारेचे बिघाड शोधले ती आता कुठेच नाही. त्यांचा अमीटर मात्र आजही शाळाशाळांत आहे, आणि कुठेतरी चार मुलं तो चुकीचा जोडत असतील.

सर, हा लेख तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. काटा का आपटला याचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिलं होतं, तुम्ही फक्त मान हलवली होती. आमच्या गटाने तो अमीटर बिघडवला होता की नाही, हे तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत. मेळाव्याला येणार आहात ना? त्या दिवशी तेवढं सांगा.